टेकडीवरून कमी दिसले, म्हणजे कमी झाले का?

हे प्रकरण अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या किटाटिनी डोंगररांगेवर घडलं. तिथे शिकारी पक्ष्यांची स्थलांतर-गणना करणारा एक छोटा स्वयंसेवी गट आहे. जागा आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून काही तपशील बदलले आहेत. गटाच्या स्वतःच्या नोंदींचे आकडेही दिलेले नाहीत, कारण इथे मुद्दा त्या आकड्यांचा अर्थ लावताना झालेल्या ओढाताणीचा आहे. मी त्या गटात नोंदी सांभाळायचं काम करतो. पोटापाण्याचा धंदा न्यू जर्सीत, विमा कंपन्यांची आकडेमोड.

पार्श्वभूमी

ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत ईशान्य अमेरिका आणि पूर्व कॅनडातले शिकारी पक्षी दक्षिणेला सरकतात. थंडीची लाट येऊन गेली की वायव्येचा वारा सुटतो. तो किटाटिनीच्या लांबलचक धारेवर आपटून वर चढतो आणि त्या चढत्या वाऱ्यावर पक्षी पंख न हलवता मैलोन्‌मैल निघून जातात. धारेवरच्या एखाद्या उघड्या कातळावर बसलं की ते डोळ्यांच्या पातळीवरून, कधी कधी तर आपल्या पायांखालून जाताना दिसतात. सप्टेंबरच्या मध्यावर ब्रॉड-विंग्ड हॉकचे थवे, ऑक्टोबरच्या सुरुवातीला आपल्या शिक्र्याच्या घराण्यातला शार्प-शिन्ड हॉक, ऑक्टोबर-नोव्हेंबरात रेड-टेल्ड हॉक, असा साधारण क्रम असतो. केस्ट्रल हा छोटा ससाणा मुख्यतः सप्टेंबरचा.

याच रांगेवर हॉक माउंटन आहे. १९२९ साली पेनसिल्व्हेनियात गॉसहॉक हा शिकारी पक्षी मारणाऱ्याला पाच डॉलर इनाम लागलं आणि लोक सुट्टीच्या दिवशी बंदुका घेऊन कातळांवर यायला लागले. गॉसहॉक कुठला आणि दुसरा कुठला हे बघत बसायला कोणाला वेळ नव्हता; समोरून जाईल तो पक्षी पाडायचा. १९३४ साली पक्षीरक्षणासाठी झटणाऱ्या रोझली एज यांनी ती टेकडी ताब्यात घेतली आणि मॉरिस ब्रून यांना राखणदार नेमलं. ब्रून राखण करता करता पक्षी मोजायला लागले. महायुद्धातली तीन वर्षं सोडली तर ती मोजणी अजून चालू आहे. पुढे १९७४ साली हॉक मायग्रेशन असोसिएशन ऑफ नॉर्थ अमेरिका स्थापन झाली, आणि निरनिराळ्या टेकड्यांवरच्या मंडळींनी एकाच नमुन्याचा तक्ता भरावा अशी घडी हळूहळू बसली.

आमची टेकडी या परंपरेतलं एक लहानसं ठिकाण. सुरुवातीची बरीच वर्षं तिथे फक्त शनिवार-रविवारी मोजणी व्हायची. नंतर देणग्या जमल्या आणि हंगामापुरता एक पगारी मोजणीदार ठेवता आला. तेव्हापासून रोज मोजणी सुरू झाली. कामाची रीत साधी आहे. दर तासाला एक ओळ: किती मोजणीदार, वारा कुठून आणि किती, ढग किती, दृश्यता किती, आणि जातीनिहाय आकडे. बांबूच्या टोकाला प्लॅस्टिकचं घुबड लावलेलं असतं. शार्प-शिन्ड त्याच्यावर असा झेपावतो की शेजारी बसलेल्याची टोपी उडते, आणि तेवढ्या जवळून शेपटीचं टोक चौकोनी आहे की गोल हे बघून घेता येतं. चौकोनी असेल तर शार्प-शिन्ड, गोल असेल तर कूपर्स हॉक. लांबून मात्र हाच प्रश्न भल्याभल्यांना दमवतो.

अडचण

एका वर्षी हंगाम संपता संपता गटाच्या प्रमुखांनी सगळी वर्षं एका कागदावर मांडली. ते निवृत्त शाळामास्तर. पहिल्या शनिवारपासून टेकडीवर आहेत. रेड-टेल्ड, शार्प-शिन्ड आणि केस्ट्रल या तिघांच्या रेषा खाली येत होत्या. त्याच सुमाराला एका निधीसाठी अर्ज करायचा होता आणि मुदत महिनाअखेरीची होती. स्थानिक वर्तमानपत्राच्या वार्ताहराचाही फोन येऊन गेला होता. प्रमुखांनी निवेदनाचा मसुदा केला. त्यात ‘तीन जातींची घसरण’ आणि ‘धोक्याची घंटा’ असे शब्द होते.

आलेखात खोटं काहीच नव्हतं. नोंद तासागणिक भागून घेतली होती, म्हणजे अमुक तासांत अमुक पक्षी. मोजणीचे तास वाढले की पक्षीही जास्त दिसतात, त्यामुळे तासांनी भागणं ही किमान शिस्त आहे आणि ती पाळली गेली होती.

त्या हंगामाची मोजणीदार मूळची साताऱ्याची. वन्यजीवशास्त्राची पदवी घ्यायला आलेली, टेकडीवर आम्ही दोघंच मराठी बोलणारे. आलेख बघून ती मला म्हणाली, “दादा, हे लोक पूर्वी पावसात येऊन बसायचे का हो?”

मी प्रमुखांना विचारलं. ते हसले. पावसात कोण येणार? शुक्रवारी रात्री हवामानाचा अंदाज ऐकायचे, वायव्येचा वारा असेल तर सकाळी थर्मास भरून निघायचे, दक्षिणेचा असेल तर घरीच बागकाम.

सगळी गोम तिथे होती. जुन्या काळचे तास हे निवडलेले, चांगल्या वाऱ्याचे तास होते. नव्या काळातला पगारी मोजणीदार रोज जातो. धुक्यात बसतो, दक्षिणेच्या वाऱ्यात बसतो, दिवसभरात चार पक्षी बघून उतरतो. समजा चांगल्या दिवशी तासाला दहा पक्षी जातात आणि रद्दी दिवशी दोन. पूर्वी फक्त चांगले दिवस मोजले, तर दर दहा. आता दोन्ही सारखेच मोजले, तर दर सहा. डोंगरावरून जाणारा एकही पक्षी कमी न होता आलेखात चाळीस टक्के घसरण! नुसती बेरीज घेतली तर वाढत्या तासांमुळे उलटच चित्र दिसायचं. म्हणजे कच्ची बेरीज घसरण झाकणार आणि तासांनी केलेला भागाकार ती फुगवणार.

दुसरी अडचण याहून खोल आहे. टोलनाक्यावर गाड्या कमी दिसल्या म्हणून जिल्ह्यातल्या गाड्या कमी झाल्या असं कोणी म्हणत नाही. लोकांनी प्रवास कमी केला असेल, किंवा दुसरा रस्ता धरला असेल. पक्ष्यांचंही तेच. उत्तरेत हिवाळा सौम्य झाला, जमिनीवर बर्फ कमी साठला, उंदीर-घुशी उघड्यावर मिळत राहिल्या, तर रेड-टेल्डने दक्षिणेला यायचंच कशाला? न्यू जर्सीत केप मे इथे शार्प-शिन्डचे आकडे १९८०च्या दशकात घसरले तेव्हा असाच वाद झाला होता. एक बाजू म्हणे पक्षी घटले. दुसरी म्हणे ते उत्तरेतच अडकून राहतात, कारण घरोघरी दाणे ठेवायची पद्धत वाढली, दाण्यांवर लहान पक्षी जमतात आणि त्या पक्ष्यांवर शार्प-शिन्डची आयती सोय होते.

पर्याय

बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या. निवेदन आहे तसं प्रसिद्ध करायचं. किंवा अजून पाच-सात वर्षं थांबून मग बोलायचं. किंवा जुने शनिवार-रविवार बाजूला ठेवून फक्त रोजच्या मोजणीच्या वर्षांवर बोलायचं. किंवा त्याच्या जोडीला शेजारच्या टेकड्या आणि अगदी वेगळ्या प्रकारच्या गणना पडताळून मगच तोंड उघडायचं.

पहिल्याला पाठिंबा देणारे काही मूर्ख नव्हते. त्यांचं म्हणणं, सावधपणाच्या नादात एखादी जात हातची जाईल. ओरड खोटी ठरली तरी नुकसान थोडं. यात तथ्य आहे, पण नुकसान थोडं असतं हे मला पटलं नाही. यंदा रेड-टेल्ड संपत चालला म्हणून सांगायचं आणि तोच पक्षी वाचणाऱ्याला हमरस्त्याच्या प्रत्येक दुसऱ्या खांबावर बसलेला दिसायचा; पुढच्या वेळी केस्ट्रलबद्दल तो आमचं कशाला ऐकेल?

पाच-सात वर्षं थांबायचा पर्याय कोणालाच नको होता, त्यावर वेळ गेला नाही.

खरी ओढाताण झाली ती जुनी वर्षं वगळण्यावरून. मास्तर बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे आमचे ते सगळे शनिवार फुकट?” त्या शनिवारांपायी त्यांनी लग्नसमारंभ चुकवले होते. खोलीतल्या अर्ध्या लोकांची तरुणपणाची वर्षं त्या तक्त्यांत होती. त्यामुळे चर्चा सांख्यिकीची राहिली नाही, आणि ते साहजिकच होतं. शेवटी आम्ही चौथा पर्याय धरला. निधीचा अर्ज मुदतीत पाठवायचा, पण त्यात घसरणीचा दावा करायचा नाही. वार्ताहराला हिवाळा संपेपर्यंत थांबायला सांगायचं. आणि जुने तक्ते रद्दीत न घालता, त्यांच्यातून दुसरं काही निघतं का ते बघायचं.

काय केलं

पहिलं काम हमालीचं: खोक्यांतले कागद संगणकावर चढवणं. काही तक्ते शाईने, काही पेन्सिलने, काहींवर कॉफीचे डाग. त्यात एक नवीच गोष्ट लक्षात आली. ज्या दिवशी काहीच दिसलं नाही त्या दिवसाचा तक्ता बहुतेकांनी जमाच केला नव्हता. शून्याची नोंद हीसुद्धा नोंद असते, पण थंडीत कुडकुडून रिकाम्या हाताने उतरलेल्या माणसाला ती लिहावीशी वाटत नाही. दीर्घकालीन कल काढताना जुनी वर्षं वगळायचा निर्णय त्या दिवशी पक्का झाला, आणि गंमत म्हणजे तो मास्तरांनीच मांडला.

मग उरलेल्या वर्षांसाठी प्रत्येक जातीचा आपापला कालखंड ठरवला. केस्ट्रलच्या दरात नोव्हेंबरचे तास मिसळण्यात अर्थ नव्हता. रोजच्या तासागणिक आकड्यांचा लॉग (मोठे आकडे दाबून आणणारं गणिती रूप) घेतला आणि तारखेनुसार येणारा चढउतार वजा करून वर्षाचा निर्देशांक काढला. लॉग घ्यायचं कारण ब्रॉड-विंग्डकडे बघितलं की कळतं. सप्टेंबरात हजारोंचा थवा एका दुपारी डोक्यावरून जातो. तो नेमका आपल्या टेकडीवरून गेला की शेजारच्या दरीवरून, यावर सबंध वर्षाचा आकडा ठरतो. तसे एक-दोन दिवस साऱ्या हंगामाला वेठीला धरू नयेत म्हणून ही तजवीज. ही पद्धत आमची नाही. रॅप्टर पॉप्युलेशन इंडेक्स या संयुक्त प्रकल्पात अनेक ठिकाणांचे कल साधारण याच वळणाने काढले जातात, आम्ही फक्त वाट धरली.

त्यानंतर बाहेरची पडताळणी. रांगेवरच्या आणि किनाऱ्यावरच्या इतर ठिकाणांचे आकडे मिळवले. नाताळच्या सुमारास होणाऱ्या ख्रिसमस बर्ड काउंटचे उत्तरेकडचे आकडे घेतले. ही गणना १९००पासून चालू आहे. सुमारे २४ किलोमीटर व्यासाच्या वर्तुळात १४ डिसेंबर ते ५ जानेवारीच्या दरम्यान एका दिवशी लोक पक्षी मोजतात. पक्षी उत्तरेतच थांबत असतील तर ते तिथे सापडायला हवेत. तिसरा आधार १९६६ला सुरू झालेल्या ब्रीडिंग बर्ड सर्व्हेचा: जूनच्या आसपास ठरलेल्या रस्त्यावर ५० थांबे, प्रत्येक थांब्यावर तीन मिनिटं.

आणि जुने शनिवार? त्यांचा उपयोग साताऱ्याच्या मुलीने शोधला. काही मोजणीदारांनी रेड-टेल्डपुढे प्रौढ की पहिल्या वर्षाचा हेही लिहून ठेवलं होतं. ते ओळखणं अवघड नसतं: प्रौढाची शेपटी विटकरी लाल, तरुणाची तपकिरी आणि आडव्या पट्ट्यांची. तास निवडलेले असोत की नसोत, शंभरात तरुण किती या प्रमाणावर त्याचा परिणाम बराच कमी होतो. हॉक माउंटनच्या नोंदींचा सर्वांत गाजलेला उपयोग प्रमाणावरूनच झाला होता. रेचल कार्सन यांनी १९६२ साली ‘सायलेंट स्प्रिंग’ या कीटकनाशकांवरच्या पुस्तकात ब्रून यांचे बॉल्ड ईगलचे आकडे दिले: १९३५ ते १९३९ मध्ये दिसलेल्या गरुडांत ४० टक्के एका वर्षाचे होते, १९५५ ते १९५९ मध्ये २० टक्के, आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एक. गरुड आकाशात दिसत होते, मागे पिल्लं येत नव्हती. कार्सन यांचा रोख डीडीटी या कीटकनाशकाकडे होता. अमेरिकेत त्याच्यावर १९७२ साली बंदी आली. एखाद्या टेकडीच्या तक्त्याने याहून मोठं काम केल्याचं उदाहरण मला माहीत नाही.

आमच्या बाबतीत हे प्रमाण हाताशी होतं, पण तुटक. वयाचा रकाना काहींनी मनापासून भरलेला, काहींनी कोराच सोडलेला. जेवढं हाती आलं त्यात तरुणांचा दुष्काळ दिसला नाही. रेड-टेल्डची वीण बिघडल्याचं सुचवणारं त्यात काही नव्हतं, यापुढे जाऊन बोलायची आमची हिंमत झाली नाही.

निष्पन्न

एकाच कागदावरच्या तीन उतरत्या रेषांना तीन वेगळी उत्तरं मिळाली.

रेड-टेल्ड आमच्या टेकडीवर खरोखरच कमी होत होता आणि शेजारच्या ठिकाणीही. पण उत्तरेकडच्या हिवाळी गणनेत तो वाढत होता, आणि विणीच्या गणनेत घट नव्हती. म्हणजे पक्षी आहेत, त्यांनी प्रवास आखूड केला आहे. या जातीच्या स्थलांतर-गणना आणि हिवाळी गणना शेजारी ठेवून केलेली संशोधनंही याच दिशेला बोट दाखवतात.

केस्ट्रलची गोष्ट उलट. आमची टेकडी, इतर टेकड्या, विणीची गणना, शिवाय बऱ्याच भागांत शेतांवर लावलेल्या घरटी-पेट्या. सगळीकडे एकच दिशा, खाली. वेगवेगळ्या पद्धतीने, वेगवेगळ्या ऋतूत, वेगवेगळ्या माणसांनी मोजलेल्या गोष्टी एकाच बाजूला झुकल्या, की मग टेकडीच्या आकड्याला हवामानाचं निमित्त देता येत नाही. कारणावर मात्र एकमत नाही. उघडी कुरणं कमी होणं, कीटकनाशकं, कीटकांची टंचाई, वाढलेले कूपर्स हॉक, वेस्ट नाइल विषाणू अशी यादी आहे आणि प्रत्येकाचे वकील आहेत.

शार्प-शिन्डने आम्हाला दाद दिली नाही. हिवाळी गणनेत तो उत्तरेत, दाण्यांच्या आसपास जास्त दिसतो, त्यामुळे थांबून राहण्याची शक्यता दाट. पण त्याची वीण मोठ्या प्रमाणावर कॅनडाच्या उत्तरेकडच्या सूचिपर्णी जंगलात होते. तिथे रस्तेच विरळ, म्हणून रस्त्यावरून होणारी विणीची गणना लंगडी पडते, आणि पक्षीही चोरटा. अशा जातींसाठीच स्थलांतर-गणनेची खरी गरज असते, आणि नेमकी तिथेच तिला साक्षीदार मिळत नाही. शिवाय कूपर्स हॉकचा घोळ होताच. कूपर्स वाढताहेत हे ठाऊक झाल्यावर संशयाच्या पक्ष्याला मोजणीदार नकळत कूपर्स म्हणायला लागतो. नव्या वर्षांत ‘ओळख पटली नाही’ हा रकाना जवळजवळ रिकामा होता, आणि मला तरी ते नजर तीक्ष्ण झाल्याचं लक्षण वाटत नाही.

वसंतात निवेदन निघालं, फक्त केस्ट्रलचं. वार्ताहराचा थोडा हिरमोड झाला. त्याला तीन जाती हव्या होत्या. निधी मागितला त्यापेक्षा कमी मिळाला. अर्जात घसरणीचा दावा असता तर जास्त मिळाला असता असं अजूनही गटातले दोघे-तिघे म्हणतात, आणि ते चूक असतीलच असं नाही. मिळालेल्या पैशांतून खालच्या खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या कोठारांवर केस्ट्रलसाठी पेट्या लागल्या. पहिल्या वसंतात त्यांतल्या काही स्टारलिंग नावाच्या पक्ष्यांनी बळकावल्या. गवताच्या गंजी उपसून पेट्या रिकाम्या करणं हे नवं काम मागे लागलं. घरट्यांची टंचाई हेच केस्ट्रलच्या घसरणीचं कारण आहे असा आमचा दावा नाही. पेट्यांचा दुसरा फायदा असा की त्यांतून पिल्लांची मोजदाद मिळते, जी टेकडीवरून कधीच मिळणार नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पगारी मोजणीदार आला त्या वर्षीच पद्धत बदलतेय हे ओळखून दोन-तीन हंगाम जुनी आणि नवी रीत शेजारी चालवायला हवी होती. शनिवारची मंडळी त्यांच्या मर्जीने येत राहिली असती, मोजणीदार रोज बसला असता, आणि दोघांच्या आकड्यांतून जुन्या वर्षांना लावायचा एक गुणक निघाला असता. तेव्हा कोणाला सुचलं नाही. पैसे मिळाल्याच्या आनंदात ते मागे पडलं. आता तो गुणक कशानेही मिळणार नाही.

हंगाम आम्ही नोव्हेंबरअखेर गुंडाळत होतो. पक्षी उशिरा निघत असतील, तर डिसेंबरात जाणारे रेड-टेल्ड आमच्या हिशेबात येतच नव्हते. हॉक माउंटनची मोजणी १५ डिसेंबरपर्यंत चालते. आता आम्हीही तिथवर जातो, मात्र शेवटच्या पंधरवड्याला स्वयंसेवक मिळता मिळत नाहीत. त्या दिवसांचे आकडे जुन्या कलात मिसळत नाही, वेगळे ठेवतो.

महिन्यातून काही दिवस दोन मोजणीदार एकमेकांना न सांगता स्वतंत्र तक्ते भरतात. कोणाकडून किती पक्षी निसटतात याचा अंदाज त्यातून येतो. निरभ्र आकाशात निसटणं सर्वांत जास्त. निळ्यावर उंच गेलेला ठिपका डोळा धरत नाही, मागे ढग असला की लगेच दिसतो. ही दुहेरी मोजणी सुरू केल्यावर दोघा जुन्या मोजणीदारांत आठवडाभर अबोला होता.

साताऱ्याची मुलगी पदवी घेऊन परत गेली. जाताना तिने विचारलं होतं की सह्याद्रीत असं काही करता येईल का. नागालँडमध्ये उपग्रह-टॅग लावलेले अमूर ससाणे महाराष्ट्रावरून अरबी समुद्राकडे जाताना नोंदले गेले आहेत, पण ते कुठल्या एका धारेला धरून जात नाहीत, फार रुंद पट्ट्यातून जातात. माझं मत पडलं की ससाण्यांच्या मागे लागण्यापेक्षा माळरानावर संध्याकाळी मुक्कामाला उतरणारे भोवत्या (हॅरियर हे शिकारी पक्षी) मोजावेत: तीच जागा, तीच वेळ, दर पंधरवड्याला, एकही भोवत्या न आलेल्या संध्याकाळच्या तक्त्यासकट. तिला ते फारसं पटलेलं दिसलं नाही. तिला डोंगरच हवा होता.

आमच्या वार्षिक अहवालात आता प्रत्येक जातीपुढे दोन रकाने असतात. एकात टेकडीवरचा कल, दुसऱ्यात त्याला दुजोरा देणारी दुसरी गणना. शार्प-शिन्डपुढचा दुसरा रकाना यंदाही कोरा गेला.